टायरचं पॉलिश: दुधाळ की तेलकट?

मानखुर्द-गोवंडीकडच्या वॉशिंग सेंटरवर ‘टायर पॉलिश’ मागितलं की दोन निराळ्या वस्तूंपैकी कुठलीही हातात पडते. नाव एकच आणि टायर दोन्हींनी काळाभोर होतो, म्हणून कुणी जास्त चौकशी करत नाही. खडी, रेती, डेब्रिज वाहणाऱ्या गाडीसाठी मात्र ती करायलाच हवी.

दुधाळ पॉलिशमध्ये सिलिकॉन पाण्यात घोटून मिसळलेलं असतं. पाणी उडून गेलं की टायरवर पातळ, कोरडा, मंद काळा थर उरतो. तेलकट पॉलिशमध्ये तेच सिलिकॉन पेट्रोलियमच्या सॉल्व्हंटमध्ये असतं. ते पारदर्शक दिसतं, त्याला रॉकेलसारखा वास येतो आणि लावल्यावर टायर नवाकोरा चमकतो. ती चमक म्हणजे वर राहिलेला ओलसर थर. म्हणून ‘सिलिकॉनवालं नको’ एवढं सांगून भागत नाही, सिलिकॉन दोन्हींत असतं. डब्यावरून कळत नसेल तर पेलाभर पाण्यात दोन थेंब टाका. दुधाळ असेल तर पाणी गढुळतं, तेलकटाचा वर तवंग येतो.

गेल्या थंडीत मी आमच्या एकाच टिपरच्या डाव्या पुढच्या चाकाला दुधाळ लावलं आणि उजव्याला तेलकट. दिवसभर खडीच्या खेपा झाल्या. संध्याकाळी डाव्या टायरवरची धूळ कोरडीच होती, फडकं मारलं तशी झडली. उजव्यावर करडा लगदा बसला होता. बोट फिरवलं तर बोटाला वंगणासारखं काळं लागलं, आणि टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का पार बुजून गेला होता. तो शिक्का टायर कधी बनला ते सांगतो: ३२२३ म्हणजे २०२३ सालचा ३२वा आठवडा. शिक्का बुजतो तिथे बाजूची चीरही बुजते, आणि भरल्या गाडीला ती चीर वेळेत दिसणं फार मोलाचं असतं. सिमेंटची धूळ असेल तर आणखी वाईट, ओल मिळाली की ती जागच्या जागी धरते.

दुधाळ पॉलिशचा खरा दोष एकच, ते टिकत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेनं धुळीबाबत जी नियमावली काढली, तिच्यानुसार बांधकामाच्या जागेतून निघणाऱ्या गाड्यांची चाकं धुवावी लागतात. रोज चाकं धुतली की आठवड्याभरात पॉलिश उतरतं. तरीही मी तेच घेतो. पुन्हा हात मारायला दहा मिनिटं लागतात, चिकटलेला लगदा घासायला तासभर जातो. शिवाय ट्रकच्या टायरात नैसर्गिक रबर भरपूर असतं आणि पेट्रोलियमच्या तेलानं ते फुगतं, नरम पडतं. काही जण डिझेल किंवा जुनं ऑइल पुसतात, ते तर कधीच करू नका.

बंपर, मडगार्ड, आरशांची काळी प्लास्टिकं यांचं गणित थोडं वेगळं आहे. उन्हानं ती करडी पडतात आणि खरबरीत प्लास्टिकवर दुधाळ पॉलिश पावसात लवकर धुपतं. जून ते सप्टेंबर मुंबईत धूळ दबलेली असते, म्हणून त्या चार महिन्यांपुरतं प्लास्टिकवर तेलकट चालतं. अर्ध्या तासानं कोरड्या फडक्यानं जास्तीचं पुसून मात्र घ्या. ऑक्टोबर लागला की परत दुधाळ.

लावताना टायर धुऊन पूर्ण वाळू द्या. पॉलिश चाकावर फवारू नका, स्पंजवर घ्या आणि फक्त बाजूला लावा. दहा मिनिटांनी कोरडं फडकं फिरवा. हे शेवटचं पुसणं टाळलं तर दुधाळ पॉलिशही धूळ धरतं. रस्त्याला टेकणारी नक्षी, ब्रेक, पेडल, चढायची पायरी, स्टिअरिंग यांना दोन्हींपैकी काहीही लागता कामा नये, सगळं निसरडं होतं.

दसऱ्याला गाडी झेंडूचा हार घालून पूजेला उभी असते, तेव्हा ड्रायव्हरला टायर चमकतेच हवे असतात आणि तो आनंद मी मोडत नाही. तेलकट लावू देतो. फक्त दुसऱ्या दिवशी पहिल्या खेपेआधी चाकं साबणानं धुऊन घ्यायला सांगतो.