नदीकाठच्या देशी अधिवासाचे पुनरुज्जीवन (पंचगंगा खोरे)

वस्ती, घाट आणि शेतीने व्यापलेल्या काठावर मूळची झाडेझुडपे, गवत आणि त्यांच्या आधाराने जगणारे पक्षी-प्राणी परत नांदू लागावेत यासाठी केले जाणारे काम. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांच्या पाण्याने बनलेली पंचगंगा प्रयाग चिखलीपासून वाहत नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. या टापूत ऊस बऱ्याच ठिकाणी थेट दरडीला भिडला आहे, त्यामुळे कामाला मिळते ती अरुंद पट्टी.

आधी काढायचे, मग लावायचे. बेशरम (काठावर माजणारे परदेशी झुडूप) छाटून काठावरच टाकली तर कांडीकांडीला मुळे फुटतात. ती मुळासकट उपटून पूररेषेच्या वर नेऊन वाळवावी. जलपर्णी फुलण्याआधीच काढावी, कारण तिचे बी गाळात पंधराहून अधिक वर्षे जगते. वरून सांडपाण्याचा नाला चालूच असेल, तर नुसती जलपर्णी काढणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे.

लावणीचे वेळापत्रक पूर ठरवतो. जूनमध्ये पाण्यालगत लावलेली रोपे जुलै-ऑगस्टमध्ये वाहून जातात किंवा गाळाखाली गुदमरतात. म्हणून वरच्या कडेला करंज, जांभूळ, अर्जुन पहिल्या पावसात, 45 सेंमी लांब-रुंद-खोल खड्ड्यांत लावावेत. खालच्या अंगाला वाळुंज (नदीकाठचे झाड) आणि शेरणी (पाण्यालगतचे झुडूप) पूर ओसरल्यावर, ओल असतानाच. वाळुंजाची अंगठ्याएवढी जाड, दोन-तीन फुटी फांदी निम्म्याहून अधिक जमिनीत खोचावी. बुडखा खालीच हवा. मधल्या उतारावर वाळ्याचे ठोंब वीतभर अंतराने, उताराला आडव्या ओळीत. जांभळाचे बी साठवून ठेवू नये. ते ताजेच रुजते.

पुरातून वाचलेली रोपे पुढे उसामुळे दगावतात. पाचट पेटवले की झळ काठापर्यंत येते, आणि 2,4-डी तणनाशक वाऱ्यावर उडून आले की कोवळे शेंडे पिळवटतात. शेताच्या बाजूने सहा फुटांचा पट्टा पाचट काढून मोकळा ठेवावा आणि फवारणी वारा पडल्यावरच व्हावी, हे शेतकऱ्याशी आधीच बोलून ठरवावे. त्याची साथ नसेल तर लावणीच करू नये.

उभी मातीची दरड उजाड दिसते म्हणून झाकू नये. खंड्या आणि वेडा राघू तिच्यात आडवी बिळे खोदून अंडी घालतात. तोंडाखाली विष्ठेचा पांढरा ओघळ दिसला की खंड्याचे बीळ वापरात आहे असे समजावे. दगडी पिचिंगने, म्हणजे काठावर दगड रचून केलेल्या अस्तराने, ही जागा कायमची जाते. धूप फारच असेल तर पायथ्याला वाळुंज लावून वरचा भाग मोकळा सोडावा, आणि मार्च ते जून तिथे कुदळ चालवू नये.