पुण्यात जन्मलेले शास्त्रज्ञ: विकिडेटाला प्रश्न कसा विचारायचा

विकिडेटा म्हणजे विकिपीडियाच्या जोडीचा, सगळ्यांना खुला असलेला विदासाठा (माहितीचा साठा). त्यावरची माहिती परिच्छेदांत नसते. ती तीन तुकड्यांच्या विधानांत असते: व्यक्ती, जन्मस्थान, पुणे. यातल्या प्रत्येक तुकड्याचं स्वतःचं पान असतं, त्यामुळे एका विधानाचं टोक दुसऱ्याला जोडलेलं राहतं. प्रत्येक पानाला क्रमांक असतो, वस्तू-व्यक्ती-गावांना क्यूचा आणि गुणधर्मांना पीचा: पुणे क्यू1538, जन्मस्थान पी19, व्यवसाय पी106, शास्त्रज्ञ क्यू901. 'पूना' म्हणा की 'पुणे', क्रमांक एकच.

प्रश्न स्पार्कल या भाषेत विचारतात. डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ती 2008 मध्ये प्रमाणित केली. जे माहीत नाही तिथे प्रश्नचिन्ह लावून नाव द्यायचं: ?व्यक्ती पी19 क्यू1538. खालच्या ओळीत ?व्यक्ती पी106 क्यू901. (प्रत्यक्षात पी-आधी 'डब्ल्यूडीटी' आणि क्यू-आधी 'डब्ल्यूडी' हे उपसर्ग लागतात.) दोन्ही ओळींत बसतील तेवढ्याच व्यक्ती उत्तरात येतात.

यादी येते, पण अपुरी. चूक झाल्याचा संदेश कुठेच दिसत नाही, म्हणून ही चूक सगळ्यात घातक. ज्याचा व्यवसाय फक्त 'भौतिकशास्त्रज्ञ' असा नोंदलाय तो गळतो, कारण यंत्र शब्दार्थ जाणत नाही, क्रमांक जुळवतं. भौतिकशास्त्रज्ञ हा शास्त्रज्ञाचा उपप्रकार आहे हे पी279 या दुव्यात लिहिलेलं असतं. तो दुवा चढून जायला सांगावं लागतं: पी106/पी279*. तारांकनाचा अर्थ शून्य किंवा कितीही पायऱ्या. गावाचंही तसंच. जन्मस्थान म्हणून पुण्यातली एखादी पेठ नोंदली असेल, तर पी19/पी131* असं लिहून प्रशासकीय विभागांच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

जन्मतारीखही हवी म्हणून पी569 ची ओळ साधीच जोडली, तर तारीख न नोंदलेली माणसं यादीतून नाहीशी होतात. ती ओळ 'ऑप्शनल'च्या (म्हणजे 'असेल तर') महिरपी कंसात टाकावी. एकाच व्यक्तीचे तीन व्यवसाय असले तर नाव तीनदा येऊ शकतं. त्यावर पुनरावृत्ती गाळणारा 'डिस्टिंक्ट' हा शब्द हा उपाय.

विकिडेटाच्या सार्वजनिक सेवेत एका प्रश्नाला 60 सेकंद मिळतात. दुसऱ्या काही संस्थांचा विदासाठा 'सर्व्हिस' लिहून त्याच प्रश्नात जोडता येतो, पण आधी आपली यादी उपप्रश्नात (प्रश्नाच्या आतल्या प्रश्नात) शंभरेक नावांवर आणावी. नाहीतर पलीकडून लाखो ओळी मागवल्या जातात आणि वेळ संपतो. शिवाय पलीकडे तीच व्यक्ती वेगळ्या क्रमांकाने असते. दोघांना सांधणारा ओळखक्रमांक, ग्रंथालयांसाठी बहुधा व्हीआयएएफ या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय नामसूचीचा पी214, नोंदलेला नसेल तर जोड जमत नाही.

नावांसाठी भाषा 'एमआर,ईएन' अशी द्यावी: आधी मराठी, नसेल तर इंग्रजी. तरीही नावाच्या जागी नुसता क्यू क्रमांक आला, तर ते पान उघडून मराठी नाव भरता येतं.