ठोकळ्यांचा रेल्वे पूल खालूनच का उकलतो?

अंधेरीच्या गोखले पुलाचा पहिला गर्डर 2023 च्या डिसेंबरमध्ये रुळांवरून सरकवला, तेव्हा फोटो बघून आमच्या ग्रुपवर एकाने विचारलं, 1300 टन लोखंड घातलंत ना, मग मध्ये ही जाळी कशाला, भरीवच करायचा की! प्रश्न बावळट नाहीये. घरी लेगोच्या ट्रेनसाठी पूल करणारी पोरं पण आधी तेच करतात, ठोकळ्यांवर ठोकळे दाबून एक जाडजूड आडवी भिंत तयार करतात आणि इंजिन मधोमध आलं की सगळं खालून उकलतं.

ठोकळा कच्चा नसतो हां. इंग्लंडच्या ओपन युनिव्हर्सिटीत 2012 मध्ये 2 बाय 2 चा ठोकळा मशीनखाली दाबून बघितला, तो साधारण 430 किलोला पिचला, म्हणजे त्याच्यावर पावणेचार लाख ठोकळे बसतील. पण हे झालं दाबताना. पूल वाकतो तेव्हा वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि खालच्या थरातले शेजारी ठोकळे एकमेकांना जोडलेलेच नसतात, वरच्या थराने घट्ट पकडलंय एवढाच काय तो आधार, तोही घर्षणाचा. ठोकळ्यावरचं एक बटण सुटलं की चेन उघडावी तसं पुढचं सुटत जातं. मधल्या भरीव भागाला त्या मानाने ताण कमीच, वजन मात्र पूर्ण.

म्हणून ताण घ्यायला लेगोच्याच टेक्निक प्रकारातल्या भोकवाल्या पट्ट्या आणि पिना घ्यायच्या. पट्टी ओढली जाते त्या दिशेला पिन आडवी असते, त्यामुळे ती निसटत नाही, तुटली तरच सुटणार. फक्त चार पट्ट्यांचा चौकोन केलात तर तो बोटाने ढकलला तरी कलंडतो, कारण बाजू तेवढ्याच ठेवून कोन बदलता येतात. तिरकी पट्टी टाकली की दोन त्रिकोण, आणि त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की कोन ठरलेच.

आता खरी मजा. 7 भोकांची उभी, 9 भोकांची आडवी, तर तिरकी किती? शाळेतला पायथागोरस लावला तर 49 अधिक 81 म्हणजे 130, वर्गमूळ 11.4, म्हणजे जुळणारच नाही. पण 11 भोकांची पट्टी अगदी चपखल बसते! कारण मोजायची भोकं नाहीत, भोकांमधली अंतरं, ती 6, 8 आणि 10. 36 अधिक 64 बरोबर 100. प्रत्येक अंतर 8 मिलिमीटर, म्हणजे उभी बाजू 48, आणि ठोकळ्याची उंची 9.6 असल्याने बरोब्बर 5 ठोकळे पण 48. त्यामुळे भोकवाले ठोकळे रचून केलेल्या खांबालासुद्धा हीच तिरकी पट्टी लागते, कुठेही ओढाताण न करता.

दिशा पण महत्त्वाची. तिरक्या पट्ट्या वरून खाली पुलाच्या मध्याकडे उतरत्या ठेवल्या की त्या ताणल्या जातात, उलट लावल्या की दाबल्या जातात, आणि लांब सडपातळ पट्टी दाबली की फुगून वाकते. 1844 मध्ये अमेरिकेत पेटंट झालेली प्रॅट जाळी म्हणजे ही पहिली पद्धत. नव्या पुलाला नरबळी लागतो, पोरं पळवतात, असल्या अफवा अजूनही फिरतात. पुलाला लागतो तो हा हिशोब, बाकी काही नाही.

एक मात्र करू नका, जड इंजिन रात्रभर पुलाच्या मध्यावर उभं ठेवू नका, हे प्लास्टिक सततच्या वजनाखाली हळूहळू झुकतं आणि मग वजन काढलं तरी पूर्ण सरळ होत नाही.