भाता मारणारा हात पियानोवर येतो तेव्हा

बेळगावात पेटी वाजवणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठल्याही गल्लीतल्या भजनी मंडळात एक तरी असतो, आणि बऱ्याचदा तो कुणाकडे रीतसर न शिकता, नुसतं ऐकून ऐकून वाजवायला लागलेला असतो. पं. रामभाऊ विजापुरे यांनी याच गावात राहून पेटीवादकांच्या पिढ्या घडवल्या. पु. ल. देशपांडे काही काळ इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात प्राध्यापक होते, तेही पेटीवालेच. अशा गावातला एखादा माणूस साठीला येतो, नोकरीतून मोकळा होतो, बेंगळुरूचा मुलगा त्याला डिजिटल पियानो घेऊन देतो, सोबत एक मेथड बुक, म्हणजे वाजवायला पायरीपायरीने शिकवणारं पुस्तक, येतं. पहिलं पान उघडल्यावर पाच मिनिटांत त्याचा अपमान झालेला असतो.

कारण त्या पानावर दोन हातांची चित्रं असतात, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत 1 ते 5 आकडे असतात, आणि खाली पाच सुरांत फिरणारी एक चिमुकली चाल असते. अभंगापासून नाट्यपदापर्यंत सगळ्याला साथ केलेल्या माणसाला हे बालवाडीचं पुस्तक वाटलं तर नवल नाही. तो भराभर पानं उलटतो. मग दोन्ही हात एकत्र वाजवायचं पान येतं आणि गाडी तिथेच अडते. ‘डोक्यात सगळं येतंय, हात ऐकत नाही बघा. या वयात कुठलं येतंय आता!’

यातली तक्रार खरी आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. हात ऐकत नाही याची कारणं वयापेक्षा हाताच्या रचनेत, दोन हातांमधल्या जुन्या मैत्रीत आणि मुख्य म्हणजे सरावाच्या पद्धतीत आहेत. ज्या पानांना आपण पोरकट म्हणतो ती याच कारणांना धरून रचलेली असतात.

आधी डावा हात घेऊ. पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भाता मारत आलेला असतो. तो नुसता बसलेला नसतो. हवा कधी जास्त द्यायची, कधी राखायची हे त्याला न सांगता कळतं. पण त्या कामात बोटं सुटी हलत नाहीत, अख्खा पंजा एकदम हलतो. कॅम्पातल्या एका पियानो शिकवणाऱ्या मिसकडे येणारे एक निवृत्त शिक्षक मी पाहिले आहेत. मिस तिशीतल्या, ते साठीचे. ते त्यांना मिस म्हणतात, त्या त्यांना काका. काकांचा उजवा हात सुरू झाला की मांडीवर ठेवलेल्या डाव्या हाताची चारही बोटं मिळून आत वळायची, समोर भात्याची फळी असल्यासारखी. त्यांना त्याचा पत्ताही नसायचा. मिसनी डावा हात पट्ट्यांवर आणायचं काही आठवडे टाळलं. ‘काका, नुसता ठेवा तो. वाजवू नका.’

पेटी न वाजवणाऱ्यालाही दोन हातांचं कोडं सुटत नाहीच. वाचता वाचता एक प्रयोग करून पाहा. दोन्ही तर्जन्या टेबलावर समोर करा आणि दोन्ही एकाच दिशेला हलवा: दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे. हळूहळू वेग वाढवा. एका वेगाला बोटं आपोआप आरशासारखी हलू लागतील, दोन्ही एकदम आत, दोन्ही एकदम बाहेर. उलट कधी होत नाही. आरशासारखी हालचाल कितीही जोरात केली तरी ती मोडून एकाच दिशेची होत नाही. स्कॉट केल्सो या शास्त्रज्ञाने 1984 साली हे मोजून दाखवलं, आणि पुढच्याच वर्षी हर्मन हाकेन व त्यांच्या सहकाऱ्यांसोबत त्याचं गणितही मांडलं. दोन्ही हातांच्या त्याच त्या स्नायूंनी एका वेळी काम करावं, ही आपल्या मज्जासंस्थेची आवडती चाल आहे. वेग वाढला, ताण आला की ती तिथे घसरते.

आता पियानोवर या. दोन्ही अंगठे मधल्या पांढरी एकवर, म्हणजे इंग्रजी C च्या पट्टीवर, किंवा तिच्या आजूबाजूला ठेवून उजवा हात वर आणि डावा खाली गेला, तर दोन्हीकडे 1-2-3-4-5 अशीच बोटं पडतात. आरसाच. पण दोन्ही हातांनी सा रे ग म प सरळ चढायचं म्हटलं की उजव्याला 1-2-3-4-5 आणि डाव्याला 5-4-3-2-1. कानाला हे दुसरं सोपं वाटतं, कारण दोन्ही हातांत एकच सूर आहे. हाताला मात्र पहिलं सोपं असतं. चांगलं मेथड बुक विरुद्ध दिशेची चाल आधी का देतं, ते इथे कळतं. आपल्या कानावर विश्वास असलेला माणूस नेमकं तेच पान वगळतो.

अनामिकेचं दुखणं आणखी निराळं. पंजा टेबलावर ठेवा, मधलं बोट आत दुमडा, आता अनामिका उचलून बघा. फार उचलत नाही. बोटं उचलणाऱ्या स्नायूच्या कंडरा हाताच्या पाठीवर आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि शेजारचं बोट खाली धरलं की त्या अनामिकेलाही धरून ठेवतात. ही गाठ जन्मजात आहे, वयाने आलेली नाही, आणि दहा वर्षांच्या मुलालाही ती असते. तिच्याशी मारामारी करू नये. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान याचा उजवा हात विशीतच निकामी होत गेला आणि पियानोवादक होण्याचा बेत त्याला सोडावा लागला. बोट मजबूत करायचं यंत्र वापरल्याने तसं झालं, असं अनेकांचं म्हणणं आहे. बोट उंच उचलण्यापेक्षा मनगट किंचित बाजूला नेऊन पंजाचं वजन अनामिकेमागे आणणं, हा शिक्षकांचा नेहमीचा उपाय शरीरशास्त्राला धरूनच आहे.

मग मेंदूचं काय? अल्वारो पास्कुआल-लिओने आणि सहकाऱ्यांनी 1995 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार आवडतो, कारण तो जवळजवळ मेथड बुकच्या पहिल्या पानावरच केलेला आहे. कुठलंही वाद्य न येणाऱ्या प्रौढांना एका हाताची पाच बोटांची चाल दिली: आपल्या भाषेत सा रे ग म प म ग रे, पुन्हा सा. ठेका देणारं यंत्र, मेट्रोनोम, मिनिटाला 60 ठोक्यांवर. रोज दोन तास, पाच दिवस. डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूचा कोणता भाग बोटांचे स्नायू हलवतो याचा नकाशा रोज काढला. पाच दिवसांत तो भाग रुंदावत गेला आणि कमी जोराच्या स्पंदालाही बोटं हलू लागली. त्याच पट्ट्यांवर दोन तास मनाला येईल ते वाजवणाऱ्यांचा नकाशा तसा वाढला नाही. नुसत्या हालचालीने तो बदल होत नाही, ठरावीक क्रम शिकण्याने होतो. आणि ही सगळी मोठी माणसं होती.

कान आणि हात जोडले जाण्यालाही फार वेळ लागत नाही. मार्क बांगर्ट आणि एकार्ट आल्टेनम्युलर यांनी 2003 साली दाखवलं की नवशिक्या प्रौढांना 20 मिनिटांच्या सरावानंतरच, नुसते सूर ऐकताना मेंदूच्या हात हलवणाऱ्या भागात आणि मुक्या पट्ट्या दाबताना ऐकण्याच्या भागात हालचाल दिसू लागते. काही जणांच्या पट्ट्यांचे सूर मुद्दाम सारखे बदलत ठेवले होते. त्यांच्यात ही जोड तशी बसली नाही.

इथे पेटीवाल्याची जुनी पुंजी आडवी येते. त्याची कान-हात जोड पक्की असते, पण ती फिरत्या सा वर. गायकाचा सूर काळी एक असेल तर सा तिथे, पांढरी चार असेल तर तिथे. पुस्तकातल्या पाच रेघांवर मात्र प्रत्येक ठिपक्याची पट्टी ठरलेली. शिवाय दोन हातांसाठी रेघांचे दोन संच, आणि एकाच रेघेवरचा ठिपका वरच्या संचात एक सूर, खालच्यात दुसरा. एका वेळी मनात चारच्या आसपास गोष्टी धरता येतात, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी 2001 साली मांडलं. नवशिक्याला सूर, बोट, मात्रा आणि डावा हात एवढ्यातच ते चार जणांचं बाकडं भरतं. पाचवा बसला की एक खाली पडतो, आणि पडतो तो बहुधा डावा हात. तीन ठिपक्यांचा गठ्ठा एका नजरेत ओळखू येऊ लागला की तिघांची जागा एकालाच पुरते. हे घडायला वेळ लागतो आणि त्याला आडवाट नाही. कानाचा तयार माणूस एकदा ऐकलेली चाल पुस्तकाकडे न बघता वाजवून मोकळा होतो. वाजतं छान, वाचन मात्र होतं तिथेच राहतं.

सगळ्यात मोठी गफलत सरावात होते, आणि ती हुशार मोठ्या माणसांची खास गफलत आहे. रविवारी मोकळा वेळ मिळाला की तीन तास बसायचं, एकच पान ‘बसेपर्यंत’ घोटायचं. विसाव्या खेपेला ते सुरेख वाजतं. सोमवारी पुन्हा अडखळतं. मग वयाच्या नावाने बोटं मोडायची.

ब्रिटनमध्ये पत्रांची वर्गवारी यंत्रावर करायची वेळ आली तेव्हा पोस्टमनना कळफलक शिकवावा लागला. अ‍ॅलन बॅडली आणि डी. लाँगमन यांनी त्यांचे गट पाडले: कुणी रोज एक तास शिकायचं, कुणी दोन, कुणी दोन-दोन तास दोनदा. 1978 साली निकाल प्रसिद्ध झाला. शिकण्याचे एकूण तास मोजले तर रोज एकच तास बसणारा गट सर्वांत कमी तासांत तयार झाला. गंमत पुढे आहे. सर्वांत नाराज तोच गट होता. बाकीचे कॅलेंडरवर पुढे दिसत होते, आणि यांना वाटायचं आपण रेंगाळतोय.

जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांच्या 1979 च्या प्रयोगात हाताने लाकडी अडथळे ठरावीक क्रमाने पाडायचे होते, असे तीन क्रम. एका गटाने एकेक क्रम घोटून पुढचा घेतला, दुसऱ्याने तिन्ही उलटसुलट मिसळून केले. सरावात पहिला गट झपाझप पुढे गेला. दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा मिसळून करणाऱ्यांना जास्त येत होतं. वाद्यांवरच्या प्रयोगांत हा फरक दर वेळी इतका ठसठशीत दिसलेला नाही, हेही सांगायला हवं. तरी माझं मत पक्कं आहे: पुस्तकातली एक चाल वीस वेळा वाजवण्यापेक्षा तीन चाली आलटून पालटून वाजवाव्यात, आणि दर वेळी पहिल्या मात्रेपासून सुरुवात करू नये. विसाव्या खेपेला हात आठवत नसतो, एकोणिसाव्या खेपेची नक्कल करत असतो. दुसरी चाल मध्ये आली की पहिली पुन्हा मुळापासून आठवावी लागते. तो आठवण्याचा त्रास म्हणजेच शिकणं. पण त्या वेळी वाटतं की काहीच जमत नाहीये.

झोपेचंही असंच काहीसं. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी 2002 साली 4-1-3-2-4 असा क्रम डाव्या हाताने टाइप करायला लावला. रात्रभर झोपून उठलेल्यांचा वेग सुमारे 20 टक्के वाढला, दिवसभर जागे राहिलेल्यांचा फारसा नाही. पुढे टिमथी रिकर्ड आणि इतरांनी हरकत घेतली की त्यातला बराच भाग नुसता थकवा उतरल्याचा असावा. वाद अजून चालू आहे. व्यवहारात दोघांचाही सल्ला तोच निघतो: हात दमला की थांबा, उद्या या.

एक गोष्ट दुकानात जाण्याआधी माहीत असावी. पेटीत पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज ठरतो भात्यावर. पियानोत पट्टी साधारण 10 मिलिमीटर खाली जाते, आणि ती तळाला लागायच्या जरा आधीच हातोडी तिच्यापासून सुटते. पुढचं थोडं अंतर ती मोकळी उडत जाऊन तारेवर आपटते. त्या क्षणानंतर बोटाने काहीही केलं तरी सुराचा जोर बदलत नाही. जे करायचं ते पट्टी खाली जातानाच्या वेगात. 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने ही करामत जुळवली. म्हणून पट्टीच्या वेगाप्रमाणे लहानमोठा आवाज न देणारा स्वस्त कीबोर्ड घेऊ नये. त्यावर बोटांना पेटीचीच सवय लागते. खरा लाकडी पियानो घ्यायचा मोह मात्र आवरावा. आपल्या पावसाळ्याच्या दमटपणात त्याचं लाकूड फुगतं, तारांचा ताण बदलतो आणि सूर उतरतात-चढतात. डिजिटल पियानोला ती भीती नाही, आणि कानाला हेडफोन लावला की सुनेची झोपही मोडत नाही.

पास्कुआल-लिओने यांच्या प्रयोगात आणखी एक गट होता. त्यांनी पियानोसमोर बसून रोज दोन तास तीच चाल फक्त मनात वाजवली, बोट न हलवता. त्यांच्या मेंदूतला बोटांचा नकाशाही प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांइतकाच रुंदावला. वाजवण्यात ते पाचव्या दिवशी तिसऱ्या दिवसाच्या वाजवणाऱ्यांइतके होते. मग दोन तास प्रत्यक्ष सराव दिला आणि त्यांनी पाचव्या दिवसाची पातळी गाठली. खानापूरहून बेळगावला क्लासला येणाऱ्याने बसमध्ये पुस्तक उघडून मनात डावा हात वाजवायला काहीच हरकत नाही.