गोकाक फॉल्स आणि घटप्रभेचा काठ

गोकाक फॉल्स हा बेळगाव जिल्ह्यात घटप्रभा नदीवरचा धबधबा, आणि त्याला लागूनच नदीच्या काठानं जुनी गिरणी, चालुक्य काळातली देवळं, झुलता पूल असं सगळं बघत चालायची सोपी वाट आहे. गोकाक गावापासून अंतर ६ किमी. चढउतार फारसा नाही, म्हातारी माणसं नि लहान पोरं पण आरामात चालतात. बेळगाव, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लजकडच्या लोकांची ही पावसाळ्यातली ठरलेली ट्रिप, पण बरेचजण समोरनं दोन फोटो काढतात की लगेच गाडीत बसतात आणि खरं बघण्यासारखं तर धबधब्याच्या वरच्या अंगाला आहे.

आधी पाणी कुठनं येतं ते सांगतो. घटप्रभा सह्याद्रीत उगम पावते, वाटेत तिला चंदगड भागातली ताम्रपर्णी मिळते, आंबोलीतनं निघून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत येणारी हिरण्यकेशी पण मिळते, आणि मधे हिडकल धरण आहे, म्हणजे राजा लखमगौडा जलाशय, ५१ टीएमसीचं. त्यामुळं गोकाकला आभाळ कोरडं असलं तरी तिकडं घाटात झड लागली आणि धरणातनं पाणी सोडलं की इकडं धबधबा भरून येतो. बेळगावजवळनं वाहणारी मार्कंडेय पण घटप्रभेलाच मिळते, पण ती धबधब्याच्या खालच्या बाजूला, गोकाकजवळ, तिचा वेगळा धबधबा गोडचिनमलकीला आहे. पुढं नदी बागलकोट जिल्ह्यात कृष्णेला जाऊन मिळते.

इथं कडा वालुकाश्माचा आहे. नदी वर सपाट फरशीसारख्या खडकावर पसरून येते आणि एकदम ५२ मीटर खाली कोसळते. कड्याचा आकार घोड्याच्या नालासारखा, पूर आला की रुंदी १७७ मीटरपर्यंत जाते. पुराचं पाणी लालसर मातकट असतं, तुषार अंगावर येतात आणि शेजारच्या माणसाशी पण ओरडून बोलायला लागतं.

झुलता पूल धबधब्याच्या जरा वरच्या बाजूला. लांबी सुमारे २०१ मीटर, खालच्या खडकापासून उंची १४ मीटर, ब्रिटिश काळातला. माझं मत विचाराल तर वाट इथनंच सुरू करावी, कारण पुलावरनं नदी अगदी शांत दिसते, पुढं कडा आहे असं वाटत पण नाही, फक्त आवाज येत राहतो. चालताना पूल हलतो, पोरं घाबरून हात धरतात. पाणी वाढलं किंवा पूल बंद असला तर हट्ट करू नये, काठावरनं पण भरपूर दिसतं.

गिरणी म्हणजे गोकाक मिल. १८८५ साली कंपनी निघाली आणि धबधब्याच्या पाण्याच्या जोरावर सूत निघायला लागलं. वीज इथं १८८७ सालीच पहिल्यांदा तयार झाली असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. पॉवरहाऊस खाली दरीत आहे. माझ्या मते धबधब्याइतकीच ही पण बघण्याची गोष्ट, नुसतं देखणं पाणी नाही तर त्या पाण्यावर एक अख्खी वस्ती उभी राहिली, कितीतरी घरांच्या चुली त्यावर पेटल्या.

देवळांमधलं मुख्य महालिंगेश्वराचं. दगडी खांब, कोरीव काम, आत गारवा. आणखी जुनी देवळं पण काठानं आहेत, तिकडं गर्दी कमी असते. भिंतींवर लोकांनी नावं कोरलेली बघून मात्र जीव तुटतो, तेवढं कुणी करू नका.

जायचं तर जुलै ते सप्टेंबर. पण एकदा जानेवारी-फेब्रुवारीत पण जाऊन बघा, पाणी जवळजवळ नसतं आणि उघडा खडक दिसतो, पाण्यानं पाडलेले खळगे नि चिरा दिसतात, नदीनं एवढी वर्षं काय काम केलंय ते तेव्हाच कळतं. पावसात त्याच फरशीवर शेवाळ धरतं, कडेला अजिबात जाऊ नये. माकडं पण खूप, खायची पिशवी हातात उघडी धरू नये.

रेल्वेनं येणाऱ्यांना मिरज-लोंढा मार्गावरचं घटप्रभा स्टेशन जवळ, बेळगावहून गोकाकला बस आहेत. पाटी कन्नडमध्ये असते, वाचता येत नसेल तर कंडक्टरला विचारलं की झालं, या भागात मराठी समजणारे भरपूर आहेत. गावात डिंक, गूळ, सुकामेवा घातलेलं करदंट मिळतं, ते घेतल्याशिवाय आमच्याकडं कुणी परत येत नाही. वेळ उरला तर नदीच्या वरच्या अंगाला धुपदाळचा बंधारा आहे, तिथलं पाणी १९७४ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि थंडीत लांबनं आलेले करकोचे तिथं उतरतात.