विलाप म्हणजे कुरकुर नव्हे

मागच्या पावसाळ्यात मी दफनभूमीत एका आईशेजारी उभी होते. पोटचा मुलगा गेला होता, तेवीस वर्षांचा. पेटी खाली उतरवली, सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली, आणि तिची पाळी आली तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "प्रभू, तू कुठे होतास रे?" मंडळीतल्या (आमच्या चर्चमधल्या) एका बाईंनी लगेच तिचा दंड दाबला. "असं बोलू नये, ताई. कुरकुर होते ती. विश्वास ठेवा." ती गप्प झाली. माती तिच्या मुठीतच राहिली.

हे मी गेली कित्येक वर्षं पाहते आहे. घरोघरच्या प्रार्थनांत, दवाखान्यांत, तेराव्या-चौदाव्या दिवशी भेटायला आलेल्यांच्या तोंडी. विलाप करणाऱ्याला कुरकुर केल्याचा दोष लावायचा आणि त्याचं तोंड बंद करायचं. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, हे दोन शब्द वेगळे आहेत, दोन्हींना मिळणारं उत्तरही वेगळं आहे.

कुरकुर सगळ्यांना ठाऊक आहे. शब्बाथ शाळेत पहिल्या दोन-तीन वर्षांतच ती येते: मिसर देशातल्या (इजिप्तमधल्या) गुलामगिरीतून सुटून मोशेमागे निघालेले इस्राएल लोक, अरण्य, मारा इथलं कडू पाणी, मान्ना हे देवानं दिलेलं अन्न, आणि "मिसरातच मेलो असतो तर बरं" ही त्यांची कुरकुर. त्यावर जास्त लिहीत नाही.

विलाप मात्र आम्ही वाचतो आणि विसरतो. स्तोत्रसंहिता या बायबलमधल्या प्रार्थना-गीतांच्या पुस्तकातल्या 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. शिवाय विलापगीत नावाचं अख्खं पुस्तक आहे. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच ओव्यांत दावीद चारदा विचारतो, "कोठवर?" आणि याच सहा ओव्यांच्या स्तोत्रात शेवटाकडे तो म्हणतो की मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. प्रश्न आणि भरवसा एकाच तोंडातून, एकाच दमात.

मग फरक कशात? आवाज चढला म्हणून कुरकुर होत नाही. "का" विचारलं म्हणूनही होत नाही. रडण्यावरून तर मुळीच ठरत नाही, कारण अरण्यातले लोकही रडतच होते.

बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा 11वा अध्याय उघडून बघा. या एकाच अध्यायात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. लोकांना मिसरातले मासे आठवतात, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवतात, आणि जो तो आपापल्या तंबूच्या दारात बसून रडतो. त्यांचं बोलणं परमेश्वराच्या कानी पडतं. पण ते परमेश्वराशी बोलत नाहीत, आपसांत बोलतात. पुढच्याच ओव्यांत मोशे बोलतो, आणि त्याचे शब्द त्यांच्याहून कडक आहेत. तू आपल्या दासाला का छळलंस? हे सगळे लोक मी पोटात वाढवले का, मी यांना जन्म दिला का? हा भार मला एकट्याला झेपत नाही. असंच वागवणार असशील तर मला मारूनच टाक.

एवढं बोलूनही मोशेला शिक्षा झाली नाही. इस्राएलातले सत्तर वडील जमव, म्हणजे तुला एकट्याला हा भार वाहावा लागणार नाही, असं देवानं त्याला सांगितलं. लोकांच्या वाट्याला मात्र लावे पक्षी आले आणि त्यांच्यामागून मरी आली. कडक बोलणारा मोशेच होता; फरक एवढाच की तो ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोलला.

अनुवाद या पुस्तकात (1:27) मोशे हेच लोकांच्या पदरात घालतो: तुम्ही आपल्या तंबूंत कुरकुर केली आणि म्हणालात, परमेश्वर आमचा द्वेष करतो. "तो" आमचा द्वेष करतो. कुरकुर तृतीय पुरुषात होते, विलाप द्वितीय पुरुषात. देवाविषयी बोललं की देव खोलीबाहेर जातो; देवाला "तू" म्हटलं की कितीही रागावलेलं असलं तरी माणूस त्याच्या पुढ्यातच असतो. आपल्या मराठीत आईला आणि देवाला आपण अरे-तुरे करतो, हे कळायला आपल्याला अवघड जाऊ नये. या मातीतले भक्त विठ्ठलाशी कडकडून भांडले, आणि तो अविश्वास आहे असं कुणी म्हटलं नाही. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत.

सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकातही तेच. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन अध्यायामागून अध्याय बोलतात, पण एकदाही देवाकडे वळून प्रार्थना करत नाहीत. ईयोब मात्र मध्येच मित्रांना सोडून देवालाच जाब विचारतो. शेवटी देव म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. त्या मित्रांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम म्हणजे सुरुवातीचे सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले.

आणि वधस्तंभावर प्रभूनं स्वतः बाविसावं स्तोत्र उच्चारलं: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" दोनदा "माझ्या", एकदा "तू". याला कुरकुर म्हणायचं धाडस कोण करील?

दुःखाच्या घरी प्रेषित पौलाच्या पत्रातली ओवी (1 थेस्सलनीकाकरांस 4:13) अर्धवट ऐकवणं मला सहन होत नाही. पौल खेद करू नका असं म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका म्हणतो. अर्धी ओवी गिळून उरलेली अर्धी विधवेच्या हातात ठेवू नये.

कुरकुरीची आणखी एक खूण आहे, ती लक्षात ठेवली तरी पुरे: कुरकुर करणाऱ्याचे पाय मिसराकडे वळलेले असतात. गणना 14 मध्ये लोक दुसरा पुढारी नेमून परत जाऊ म्हणतात. विलाप करणारा तिथंच उभा राहून उत्तर मागतो.

कुणाला देवाशी बोलायचंच सुचत नसेल, नुसतं आमच्याशीच बोलता येत असेल, तर त्यालाही कुरकुऱ्या ठरवायची घाई नको. त्याला शब्द उसने द्यावेत. मी "परमेश्वर माझा मेंढपाळ" हे धीर देणारं तेविसावं स्तोत्र नेत नाही, ते पुढे कधीतरी. मी अठ्ठ्याऐंशीवं नेते. त्याचा शेवट अंधारात होतो, दिलाशाची एकही ओवी मागून येत नाही, आणि सुरुवात "हे परमेश्वरा, माझ्या उद्धारक देवा" अशी आहे. त्या आईला मी ते दहा-बारा दिवसांनी वाचून दाखवलं. शेवटची ओवी झाल्यावर ती म्हणाली, "परत वाच."