इतकी वर्षं चाललं, मग आताच पुरळ का?

'हेच घड्याळ दहा वर्षं वापरतोय, त्याची ॲलर्जी कशी असेल?' मनगटावर खाजरा लाल चट्टा उठला की हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. मग दोष कालच्या जेवणाला, बदललेल्या हवेला किंवा 'अशुद्ध रक्ता'ला दिला जातो. खरं तर संशय आधी घ्यायचा तो त्या जुन्या घड्याळाचाच.

पुरळ हे लक्षण आहे, रोग नव्हे. बुरशी, विषाणू, घाम, औषधं, सोरायसिस अशा कितीतरी गोष्टींनी ते उठतं. पण त्यातलं सर्वांत चक्रावून टाकणारं पुरळ म्हणजे वस्तूच्या स्पर्शाने येणारं ॲलर्जीचं, अर्थात कॉन्टॅक्ट डर्मटायटिस.

निकेलचंच बघा. पट्ट्याचं बक्कल, जीन्सचं बटण, खोटे दागिने यांतलं निकेल घामात थोडंथोडं विरघळतं आणि त्वचेत मुरतं. खरं म्हणजे निकेलच्या एवढ्याशा आयनाची, म्हणजे विद्युतभारित कणाची, प्रतिकारयंत्रणेने दखलही घेऊ नये, कारण ती ओळखते ते मुख्यतः प्रथिनांसारखे मोठे रेणू. पण निकेल आपल्याच प्रथिनांना चिकटतं आणि ती परकी भासू लागतात. अशा चिकटू रेणूंना हॅप्टेन म्हणतात. केसांच्या काळ्या रंगातलं पीपीडी हे रसायन आणि काही सुगंधी द्रव्यंही याच जातीची. 'नैसर्गिक' सुगंधही त्यात आले, बरं का!

हे बदललेलं प्रथिन उचलतात त्वचेच्या वरच्या थरातल्या लांगरहान्स पेशी आणि त्यांच्या खालच्या थरातल्या भाऊबंद पेशी. पाउल लांगरहान्स यांनी १८६८ मध्ये, वैद्यकीचे विद्यार्थी असताना, या फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या आणि त्या मज्जासंस्थेच्या पेशी असाव्यात असा समज करून घेतला. प्रत्यक्षात त्या पहारेकरी निघाल्या. उचललेला नमुना त्या लसिका ग्रंथींत नेऊन टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या लढाऊ पांढऱ्या पेशींना, दाखवतात. मात्र नुसता नमुना पुरत नाही, सोबत धोक्याचा इशारा लागतो. साबणाने सोललेली त्वचा किंवा एखादी जखम तो देऊ शकते. म्हणूनच वर्षानुवर्षं निमूट सोसलेली वस्तू एक दिवस अचानक नडते.

निकेल तर हा इशारा स्वतःच देतं. जिवाणू ओळखण्यासाठी आपल्या पेशींवर टीएलआर-४ नावाचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे इशारा टिपणारं प्रथिन) असतो. माणसाच्या या ग्राहकावर विशिष्ट जागी हिस्टिडीन हे अमिनो आम्ल असतं. निकेल तिथे जाऊन बसतं आणि जिवाणू आल्याची खोटी बोंब उठते. उंदरांच्या ग्राहकात त्या जागी हिस्टिडीन नाही, म्हणून त्यांना निकेलची ॲलर्जी सहजी होत नाही. हे २०१० मध्ये उलगडलं.

एकदा तयार झालेल्या स्मृती टी-पेशी, म्हणजे तो नमुना लक्षात ठेवणाऱ्या टी-पेशी, वर्षानुवर्षं टिकतात. पुढच्या स्पर्शाला त्या त्वचेत गोळा होतात, पण त्याला एक-दोन दिवस लागतात. म्हणून आज उठलेल्या चट्ट्याचं कारण बऱ्याचदा एक-दोन दिवसांपूर्वीच्या स्पर्शात सापडतं. पॅच टेस्ट याच विलंबावर बेतलेली आहे. संशयित पदार्थ पाठीवर ४८ तास चिकटवतात, पट्ट्या काढल्यावर पाहतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. रक्तातलं आयजीई हे प्रतिपिंड मोजणाऱ्या ॲलर्जी चाचण्यांत हे सापडत नाही, कारण इथे आयजीईचा संबंधच नसतो. आणि 'रक्त शुद्ध' करणाऱ्या बाटल्या? मूत्रपिंडं रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यांना सरबताची मदत लागत नाही.

कारण सापडलं की ती वस्तू टाळायची, हाच मुख्य उपचार. दाह शमवायला डॉक्टर काही दिवस स्टिरॉइडचं मलम देतात. अंगावर पित्त उठतं तेव्हा हिस्टामिनविरोधी गोळी चांगली लागू पडते, इथे तिचा फारसा उपयोग नाही. दुकानातून स्वतःच उचललेलं स्टिरॉइडचं मलम गजकर्णावर लावलं, तर खाज थांबते आणि बुरशी मात्र निवांत पसरते, शिवाय तिचं रूप इतकं बदलतं की तज्ज्ञही फसतात.

पुरळासोबत ताप असेल आणि काचेचा पेला दाबूनही डाग फिके पडत नसतील, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले असतील, ओठ सुजून श्वास अडकत असेल, तर मलम शोधत बसू नये, तडक रुग्णालय गाठावं.